ठिपक्यांपासून अणूंपर्यंत

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर हजारो ठिपके उमटतात. ठिपक्याची तीव्रता मोजता येते. तो उमटवणाऱ्या लहरीची कला (फेज) मात्र नोंदली जात नाही. ती गणिताने शोधावी लागते, आणि त्याशिवाय अणूंच्या जागा कळत नाहीत.

सत्तरच्या दशकात हे गणित बहुतेक प्रयोगशाळा आपापल्या प्रोग्रॅमवर करत. लिहिणारा निघून गेला की प्रोग्रॅम पोरका व्हायचा. यावर उपाय म्हणून 1979 मध्ये ब्रिटनमध्ये सीसीपी-फोर हा सामाईक प्रकल्प उभा राहिला. त्याचे काम आधी डेर्सबरी प्रयोगशाळेतून चाले, आता हार्वेलच्या रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेतून चालते.

त्याच्या आधारस्तंभ एलिनॉर डॉडसन. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या, शिक्षणाने गणिती. ऑक्सफर्डला स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या ज्या गटाने 1969 मध्ये इन्सुलिनची रचना उलगडली, त्यात त्या होत्या. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिन-स्फटिकशास्त्र रुजवणारे एम. विजयन हेही त्याच गटातले.

सीसीपी-फोरचा मूळ निर्णय शहाणपणाचा होता: एकच अवाढव्य प्रोग्रॅम न लिहिता अनेक लहान प्रोग्रॅम ठेवायचे, पण सर्वांच्या फाइलींचा साचा एकच. त्यामुळे जगात कोठेही लिहिलेले चांगले काम या संचात सामावू शकले. मॉसफ्लम ठिपके मोजतो. केंब्रिजच्या रँडी रीड यांच्या गटाचा फेझर मिळत्याजुळत्या प्रथिनाच्या रचनेवरून कलांचा अंदाज बांधतो. हल्ली अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वर्तवलेली रचनाही त्याला चालते. गॅरिब मुर्शुदोव यांचा रेफमॅक रचनेची प्रतिकृती मोजमापांशी जुळवत नेतो. पॉल एम्स्ली यांच्या कूटमध्ये संशोधक ती पडद्यावर हाताने दुरुस्त करतो आणि प्रथिनाच्या साखळीतले कोन शक्य आहेत की नाहीत हे दाखवणाऱ्या रामचंद्रन आलेखावर तपासतो. हा आलेख जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मद्रासहून मांडला होता.

शैक्षणिक संस्थांना हा संच मोफत मिळतो; औषध कंपन्या परवान्याचे पैसे भरतात आणि ते पुन्हा प्रोग्रॅम सुधारण्यात व शिकवण्यात जातात. म्हणूनच पुण्या-मुंबईतल्या विद्यार्थ्याच्या हाती केंब्रिजमधल्या संशोधकाचीच अवजारे असतात. विज्ञानातली समता भाषणांनी येत नाही, अशा व्यवस्थांनी येते.

नव्या रचनेचे कौतुक ती सोडवणाऱ्याचे होते. प्रोग्रॅम वर्षानुवर्षे सांभाळणारे मागेच राहतात. आपल्या तरुण संशोधकांनी निबंध लिहिताना वापरलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचा आणि त्याच्या कर्त्यांचा संदर्भ न चुकता द्यावा. या कामाला अनुदान मिळताना असे संदर्भच पुरावा म्हणून उपयोगी पडतात.