खेळ कुणाचा, मैदान कुणाचे?

"कबड्डी खेळायला कुणाची परवानगी लागते का रे?" आबांनी विचारले आणि मी निरुत्तर झालो.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही मुलांनी एका मोबाइल खेळाची स्पर्धा ठेवली होती. वर्गणी जमली, संघ ठरले. सामने इंटरनेटवरून थेट दाखवायचे, म्हणजे गावाकडच्या मंडळींनाही पाहता येतील, असा बेत होता. सरांनी विचारले, "कंपनीची परवानगी घेतलीत का?" आम्ही पत्र धाडले, उत्तर आलेच नाही. सामने झाले, प्रक्षेपण राहिले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. मुलगा तिथे काय करतो, हे आबांना त्या दिवशी दिसणार होते.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, कबड्डी कुणाच्या मालकीची नाही. फक्कीने रेघा आखल्या की मैदान तयार. संगणकावरील खेळातले मैदान, पात्रे, चित्रे आणि संगीत मात्र कुणीतरी रचलेले असते. त्यावर कंपनीचा स्वामित्वहक्क असतो. नाटकाच्या पुस्तकात प्रयोगापूर्वी लेखकाची परवानगी घेण्याची सूचना असते ना, तसाच हा प्रकार.

पण केवळ हक्काने खेळ जगत नाही. निंटेंडो या जपानी कंपनीचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा खेळ २००१ सालचा. तो टिकला तो हौशी मंडळींनी भरवलेल्या स्पर्धांमुळे. २०१३ साली लास व्हेगासच्या 'इव्हो' स्पर्धेत एका खेळासाठी जागा शिल्लक होती. ज्या खेळाचे चाहते स्तनकर्करोग संशोधनासाठी सर्वाधिक देणगी देतील, त्याला ती मिळणार होती. मेलीच्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमवली. तरीही स्पर्धेच्या तोंडावर कंपनीने थेट प्रक्षेपणास मनाई केली. चाहत्यांत एवढा गहजब झाला की, काही तासांतच ती मागे घ्यावी लागली. पुढे एकाच वेळी सव्वा लाखाहून अधिक लोकांनी ते सामने पाहिले.

मेली मुळात एकाच खोलीत बसून खेळायचा. २०२० साली चाहत्यांनीच 'स्लिपी' ही जोड तयार करून तो इंटरनेटवर चांगला खेळता येईल असा केला. कोरोनामुळे 'द बिग हाऊस' ही स्पर्धा त्यावर व्हायची होती. पण बेकायदा प्रतींचे कारण देऊन कंपनीने ती थांबवली. अखेर २०२३ साली कंपनीने लेखी नियम जाहीर केले. प्रत्यक्ष स्पर्धेत २०० आणि इंटरनेटवरील स्पर्धेत ३०० खेळाडूंपर्यंत वेगळा परवाना नको. मात्र प्रायोजक घेता येणार नाहीत. अटी जाचक वाटल्या तरी निदान आयोजकाला आपण कुठे उभे आहोत, हे कळले.

याउलट वाल्व्ह कंपनीच्या 'डोटा २' या खेळात प्रेक्षकांची गॅलरी खेळातच बांधलेली आहे. तिथून सामना पाहता येतो. तो सुमारे दोन मिनिटे उशिरा दिसतो, म्हणजे प्रक्षेपण पाहून कुणी प्रतिस्पर्ध्याची जागा हेरू शकत नाही. सुरुवातीच्या वर्षांत बाहेरच्या आयोजकांच्या स्पर्धांची तिकिटेही खेळातच विकली जात आणि त्यातला वाटा आयोजकांना मिळे.

तात्पर्य, कंपनीचा आधार म्हणजे केवळ बक्षिसाची रक्कम नव्हे. आधी स्पष्ट नियम हवेत, मग सामना दाखवण्याची सोय आणि शेवटी पैसा. लहान आयोजकाला पहिली गोष्ट मिळाली, तरी पुढचे तो वर्गणीवर निभावून नेतो. 'हो' किंवा 'नाही' हे वेळेवर कळणे, हीदेखील मोठी मदत असते.

यंदा आम्ही आधी नियम वाचले आणि ज्या खेळात आमच्यासारख्यांना प्रक्षेपणाची मुभा आहे, तोच निवडला. आबांना तारीख कळवली आहे. ते म्हणाले, "कबड्डी असती तर बरे झाले असते, पण बघेन."