युक्का घेताना आधी पानाचं टोक बघा

नर्सरीत युक्का मागितला, की माळी दोन-तीन वेगळी झाडं पुढे करतो आणि सगळ्यांना युक्काच म्हणतो. एकाच्या पानाचं टोक बोटाने दाबलं तर लवतं. दुसऱ्याचं टोक काळपट आणि कडक, हाताला लागलं तर रक्त काढणारं. तिसऱ्याला खोड जवळपास नसतंच. जमिनीलगत पानांचा झुबका आणि पानांच्या कडांना कुरळे पांढरे दोरे. रंग, उंची, कुंडी हे सगळं नंतर. घरी कोणता न्यायचा, ते या टोकावरून ठरवावं.

लवणाऱ्या टोकाचा तो युक्का जायगँटिया. जुन्या पुस्तकांत तो एलिफंटिपीस या नावाने भेटतो. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. एल साल्वादोरचं हे राष्ट्रीय फूल. तिथे त्याला ‘इझोते’ म्हणतात आणि पाकळ्या अंड्यांबरोबर परतून खातात. लहान मुलं, गॅलरी, जिन्याची जागा असेल तर डोळे मिटून हाच घ्यावा. मात्र जमिनीत लावला तर तो दुमजली घराएवढा वाढू शकतो आणि बुंधाही चांगलाच फुगतो, म्हणून भिंतीला खेटून लावू नये. टोकदार पानांचा तो अ‍ॅलोइफोलिया. त्याचा पिवळ्या काठाचा प्रकार फार देखणा दिसतो आणि मोह होतो. पण खाली वाकून तण काढणाऱ्याच्या डोळ्याला त्याचं पान थेट लागू शकतं. कुंपणाच्या कडेला, पायवाटेपासून दूर जागा असेल तरच तो आणावा. दोऱ्यांचा फिलामेंटोसा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, थंडी सोसणारा.

घरात कुत्रं-मांजर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. युक्कात सॅपोनिन असतं. पानं चावली तर त्यांना उलट्या होतात.

विकत घेताना कुंडीतल्या जाड दांड्यांकडे नीट बघा. एकाच कुंडीत लहान-मोठ्या उंचीचे दोन-तीन दांडे असतात, वरचं टोक सपाट कापून त्यावर मेण लावलेलं असतं आणि बाजूने पानांचे तुरे फुटलेले असतात. हे दांडे म्हणजे मोठ्या झाडाचे तुकडे. कापलेल्या टोकावरून दांडा आता कधीच उंच होणार नाही. उंची वाढेल ती तुऱ्यांचीच. दांड्याचा मातीलगतचा भाग अंगठ्याने दाबा. तो लाकडासारखा घट्ट लागला पाहिजे. साल सैल झालेली असेल, दाबल्यावर मऊ लागत असेल, तर पानं कितीही हिरवी असोत, तिथेच सोडा. आतून कुजलेला दांडा साठवलेल्या ओलाव्यावर बरेच दिवस तग धरतो आणि घरी आल्यावर अचानक कलतो.

आपल्याकडे युक्का मरतो तो बहुधा पाण्याने, आणि पाणी घालणारा ते मायेनेच घालत असतो. ऊन, उशिरा पडलेलं पाणी, कोरडी हवा हे सगळं त्याला चालतं. मुळांशी साचलेलं पाणी मात्र चालत नाही. म्हणून कुंडीत पोयटा माती आणि जाडसर वाळू किंवा विटांचा बारीक चुरा निम्मा-निम्मा घ्यावा, थोडं कुजलेलं शेणखत मिसळावं. नुसत्या कोकोपीटमध्ये ठेवू नये. बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावं, आणि बशीत उतरलेलं पाणी लगेच ओतून टाकावं. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कुंडी पागोळीखालून हलवून उजेडाच्या, वारा खेळणाऱ्या जागी ठेवावी. घाटमाथ्याच्या पूर्वेकडे, दख्खनच्या कोरड्या भागात, उंच वाफ्यात तो बाहेरही आनंदाने राहतो.

खालची पानं पिवळी पडली की लोक घाबरतात आणि आणखी पाणी घालतात. जुनं पान एकेक करून वाळतं, गवती रंगाचं होऊन खाली लोंबतं. ते सहज आहे, ओढून काढावं. पण बरीच पानं एकदम पिवळी पडली आणि तुरा बुंध्याशी हलू लागला, तर मुळं कुजली आहेत. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून निंबोळी तेलाची फवारणी करावी. आणि घरात वाढलेलं झाड एकदम कडक उन्हात नेऊ नये, पानांवर पांढरे चट्टे पडतात.

चांगलं ऊन मिळालेल्या जुन्या झाडाला पांढऱ्या, घंटेसारख्या फुलांचा मोठा तुरा येतो. घायपात फुलल्यावर मरते, त्यामुळे अनेकांना युक्काचीही धास्ती वाटते. खोडाचा युक्का मरत नाही. फुलोऱ्याखालून त्याला नव्या फांद्या फुटतात. बी मात्र आपल्याकडे सहसा धरत नाही. अमेरिकेत युक्काचं परागीकरण एक छोटा पांढरा पतंग करतो. चार्ल्स रायली या कीटकशास्त्रज्ञाने १८७२च्या सुमारास ते उलगडून सांगितलं. मादी तोंडाजवळच्या खास अवयवांनी परागांची गोळी करते, दुसऱ्या फुलाच्या बीजकोशात अंडी घालते, आणि मग वर चढून ती गोळी स्वतः कुक्षीवर दाबते. अळ्या काही बिया खातात, बाकीच्या झाडाला उरतात. अंडी फार झाली तर झाड ते फूलच गाळून टाकतं. परागीकरणाचा इतका अद्भुत प्रकार आजवर प्रसिद्ध झालेला नाही, अशा अर्थाचं डार्विनने १८७४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरला कळवलं होतं. हा पतंग भारतात नाही. म्हणून आपल्या बागांमधला जवळजवळ प्रत्येक युक्का कुणाच्या तरी झाडाचा तुकडा किंवा पिल्लू असतो.

तुम्हालाही तेच करता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये फार उंच झालेलं खोड धारदार करवतीने कापा आणि त्याचे वीतभर लांबीचे तुकडे करा. वरची बाजू कोणती, त्याची खडूने लगेच खूण करा, कारण उलटा लावलेला तुकडा रुजत नाही. सावलीत आठवडाभर काप सुकू द्या, मग वाळू मिसळलेल्या मातीत एक तृतीयांश पुरा. माती जेमतेम ओलसर राहू द्या आणि मुळं आली का ते पाहायला तुकडा उपटू नका. बाजूने हिरवा कोंब फुटेपर्यंत महिना-दोन महिने सहज जातात. खाली उरलेल्या बुंध्यालाही नवे तुरे येतील, तो टाकून देऊ नका.