इलेक्ट्रिक कारचा हीटर नीट गरम होत नाही? नवा हीटर टाकण्याआधी हे तपासा

पेट्रोल गाडीत हीटर ही जवळजवळ फुकटची गोष्ट असते. इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णता म्हणून वायाच घालवतं. त्यातली थोडी केबिनकडे वळवली की झालं काम! इलेक्ट्रिक मोटर मात्र एवढी कार्यक्षम असते की तिच्याकडून उरणारी उष्णता केबिनला पुरत नाही. ती वेगळी तयार करावी लागते, आणि तीही बॅटरीच्याच जिवावर. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने 2019 मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या, तेव्हा उणे 7 अंशांच्या आसपास हीटर चालू ठेवल्यावर रेंज सरासरी 41 टक्क्यांनी घटली होती.

मुंबईत राहणाऱ्याला यातलं काही जाणवणार नाही. पण डिसेंबरात मनालीला निघालात किंवा टोरांटोत राहत असाल, तर प्रश्न फक्त हातपाय गारठण्याचा नसतो. पुढच्या काचेवरचं धुकं गेलं नाही तर रस्ताच दिसत नाही.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे?

हे आधी माहीत हवं. पहिला प्रकार पीटीसी हीटर. यात सिरॅमिकचे तुकडे विजेने तापतात. ते जसजसे तापतात तसतसा त्यांचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे ते स्वतःच स्वतःला आवरतात. काही गाड्यांत हा हीटर थेट हवा तापवतो, तर काहींत कूलंट तापवतो आणि ते गरम कूलंट पंपाने डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं. दुसरा प्रकार हीट पंप, म्हणजे सोप्या भाषेत उलटा चालणारा एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून वीज कमी खातो. पण कडाक्याच्या थंडीत त्याची ताकद घटते आणि अनेक गाड्यांत मदतीला पीटीसी दिलेलाच असतो. गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत कूलंट तापवणारा हीटर होता, 2013 पासून काही व्हेरियंटमध्ये हीट पंप आला. नाव तेच, आतलं यंत्र वेगळं.

फुकटात होणारी तपासणी

इको मोड बंद करा. रेंज वाचवण्यासाठी बऱ्याच गाड्या या मोडमध्ये हीटरची ताकद मुद्दाम कमी करतात, बॅटरी फार उतरली असेल तरीही तेच. मग पंखा फुल करून व्हेंटसमोर हात धरा. हवाच कमी येतेय? केबिन फिल्टर काढून बघा. आपल्याकडच्या धुळीत तो काळाठिक्कर झालेला असणं अगदी नेहमीचं आहे, आणि तो बदलायला मेकॅनिकही लागत नाही.

हवा जोरात येतेय, पण ड्रायव्हरकडे गरम आणि शेजारी गार? मग हीटर ठीक आहे. गरम-गार हवा मिसळणारी आतली झडप अडकलेली असू शकते. डॅशबोर्डमागून टक-टक आवाज येत असेल तर संशय अजून पक्का.

खरी परीक्षा: वीज जातेय का?

ही चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. गाडी उभी करून चालू ठेवा, तापमान सर्वात जास्त करा आणि स्क्रीनवर क्लायमेटसाठी किती किलोवॅट खर्च होतायत ते बघा. स्क्रीनवर दिसत नसेल तर ओबीडी डोंगल आणि मोबाइल ॲप वापरता येतं.

गारठलेल्या पीटीसी गाडीत हा आकडा सुरुवातीला काही किलोवॅट असायला हवा. तो शून्याजवळच असेल, तर हीटरला वीज मिळत नाहीये किंवा त्याला चालू होण्याचा आदेशच जात नाहीये: फ्यूज, रिले, तापमानाचा सेन्सर किंवा हीटर स्वतः. पण आकडा चांगला चार-पाच किलोवॅट दाखवतोय आणि हवा तरी गार, तर? एवढी उष्णता कुठेतरी अडकलीय. कूलंटवाल्या गाडीत ती हीटरपाशीच राहते, कारण कूलंट फिरत नाही. अशा वेळी सुरुवातीचा आकडा थोड्याच वेळात धाडकन खाली येतो, कारण हीटर तापून स्वतःला आवरतो. कूलंट कमी झालंय, पंप बंद आहे किंवा पाइपात हवा अडकलीय. नुकतंच कूलंट बदललं असेल आणि तेव्हापासून हा त्रास सुरू झाला असेल, तर हवा अडकण्याचीच शक्यता जास्त. ती काढून टाकली की काम होतं, नवा हीटर लागत नाही. कूलंट मात्र कंपनीने सांगितलेलंच घाला. काही गाड्यांत मुद्दाम कमी वीजवाहक कूलंट असतं, त्यात दुसरं मिसळायचं नाही.

हीट पंप असेल तर

स्वतःला एक प्रश्न विचारा: उन्हाळ्यात एसी कसा चालत होता? तोही कमकुवत होता, तर गॅस गळतीचा संशय घ्या. एसी झकास होता, तर व्हॉल्व्ह, सेन्सर किंवा सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर हे उगाच नाही म्हटलं. 2022 च्या सुरुवातीला टेस्लाने अमेरिकेत सुमारे 26 हजार गाड्यांसाठी रिकॉल काढला. सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे हीट पंपातला एक व्हॉल्व्ह उघडून गॅस आतच अडकायचा आणि काचेवरचं धुकं नीट जायचं नाही. दुरुस्ती? इंटरनेटवरून अपडेट. तेव्हा खर्च करण्याआधी अपडेट बाकी आहे का ते बघाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गॅस भरायला गाडी नाक्यावरच्या एसीवाल्याकडे सहज नेऊ नका. पेट्रोल गाड्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये साधारणपणे पीएजी तेल असतं. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरची मोटर त्या तेलातच बुडालेली असते, म्हणून तिथे बहुतेक वेळा वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. चुकीचं तेल मिसळलं की इन्सुलेशन बिघडतं, गाडी हाय व्होल्टेजची चूक दाखवते, कधीकधी सुरूच होत नाही. मग साध्या गॅस भरण्याचं बिल थेट कॉम्प्रेसरपर्यंत जातं.

आणि नारिंगी वायरी दिसल्या की हात मागे घ्या. त्यात 300-400 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त असतात, गाडी बंद केल्यावरही काही वेळ. फिल्टर, सेटिंग, कूलंटची पातळी इथपर्यंत तुमचं काम, पुढचं प्रशिक्षित माणसाचं. त्याच्याकडे जाताना तो किलोवॅटचा आकडा आणि व्हेंटमधल्या हवेचं तापमान मोबाइलमध्ये फोटो काढून घेऊन जा. ‘हीटर चालत नाही’ एवढंच सांगितलं तर आधी हीटरच बदलायला सांगतील.