अटकेआधीचे काम

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून इसिसमध्ये सामील झाले. त्यांतला एक पनवेलला अभियांत्रिकी शिकत होता. जाताना त्याने घरच्यांसाठी पत्र लिहून ठेवले. १ जुलै २०१६ रोजी ढाक्यातल्या होली आर्टिझन बेकरीवर हल्ला करणाऱ्यांतही सुखवस्तू घरांतली, चांगल्या शाळांत शिकलेली मुले होती. तेव्हा गरिबी आणि अशिक्षितपणा यांवर सगळा दोष ढकलून चालणार नाही.

मुलगा कडवेपणाकडे झुकू लागला की ते आधी घरच्यांना जाणवते; पण पोरगाच तुरुंगात जाईल या धास्तीने घरचे गप्प राहतात. म्हणूनच राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने कुटुंबीय आणि मौलवींना सोबत घेऊन अशा तरुणांचे केलेले समुपदेशन मला अटकेइतकेच मोलाचे वाटते. हे लाड झाले, असे काहीजण म्हणतात. गुन्हा करणाऱ्यावर खटला चाललाच पाहिजे. हे काम अजून गुन्ह्यापर्यंत न पोहोचलेल्यांसाठी आहे. नजर फक्त मुसलमानांवरच का, हा आक्षेप मात्र रास्त आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यात हिंदू कट्टरपंथीयांवर खटला चालला. कडवेपणा एकाच धर्माची मक्तेदारी नाही. समुपदेशनाचे दार सर्वच धर्मांच्या मुलांसाठी उघडे हवे, आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांनी त्याची सुरुवात करावी.