वाडीतील घरासाठी तारेचे जाळे : आखणी व जोडणी

वसई तालुक्यातील वाडीपट्ट्यात, म्हणजे आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास या बाजूस, अनेक बागायतदारांच्या घरी इंटरनेटची जोडणी आता ओटीपर्यंत येऊन पोहोचली आहे. सातबाराचा उतारा पाहणे, महाडीबीटी संकेतस्थळावर योजनांचे अर्ज भरणे, बाजारभाव पाहणे आणि मुलांचा अभ्यास ही कामे तिच्यावर चालतात. तथापि ओटीवरील पेटीतून निघणाऱ्या बिनतारी लहरी माजघर ओलांडीपर्यंत क्षीण होतात. जुन्या घरांच्या भिंती जाड असतात. घराबाहेर केळीची बाग असल्यास पाण्याने भरलेली खोडे व पाने या लहरी शोषून घेतात. पाने ओली असली म्हणजे ही अडचण अधिकच वाढते. अशा वेळी जादा पैसे भरून अधिक वेगाची जोडणी घेण्याकडे लोकांचा कल दिसतो. त्याने बहुधा काही साधत नाही. विहिरीत पाणी भरपूर आहे, पाट फुटका आहे, असा हा प्रकार होय. घरात तार टाकणे हा त्यावरील टिकाऊ उपाय असून, हाताला थोडी सवय असलेल्या शेतकऱ्यास ते काम स्वतः करता येण्याजोगे आहे.

ई-पीक पाहणी मात्र शेतात उभे राहून मोबाईलवरच करावयाची असते. तिला या तारेचा उपयोग नाही, हे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी आधीच सांगावे. नाहीतर पुढे निराशा होते.

या पद्धतीस इथरनेट म्हणतात. ती १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जन्मास आली. आरंभी एकच जाड तार सर्व यंत्रांजवळून फिरवीत असत. ती एका जागी बिघडली की सर्वच यंत्रे बंद पडत. आता प्रत्येक खोलीची तार स्वतंत्रपणे एका मध्यवर्ती ठिकाणी आणतात. एक तार उंदराने कुरतडली तरी बाकीच्या चालू राहतात. त्या मध्यवर्ती ठिकाणी जी पेटी असते तिला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी तिचा संबंध नाही. पाच किंवा आठ तोंडांचा स्विच सामान्य घरास पुरतो.

काम आरंभण्यापूर्वी घराचा नकाशा कागदावर काढावा. कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीवर तोंड हवे ते त्यावर मांडावे आणि तार प्रत्यक्ष ज्या मार्गाने जाईल तो मार्ग फितीने मोजावा. सरळ रेषेतील अंतर मोजल्यास तार हमखास कमी पडते, कारण ती भिंत चढते, दारावरून फिरते आणि पुन्हा उतरते. समजा, चार ठिकाणांची अंतरे ८, १२, १५ व १८ मीटर भरली. बेरीज ५३ मीटर झाली. प्रत्येक तारेस दोन्ही टोकांकडे मिळून २ मीटर जास्त धरल्यास ६१, आणि त्यावर एक दशांश सूट धरल्यास सुमारे ६७ मीटर तार लागेल. बाजारात ही तार १०० मीटरच्या वेटोळ्यात किंवा ३०५ मीटरच्या खोक्यात मिळते. शेजारच्या चार घरांनी मिळून एक खोके घेतल्यास प्रत्येकाची गरज भागून वर थोडी तार उरतेही. जेथे एक तोंड हवे तेथे दोन तारा टाकाव्या असे आमचे मत आहे. दुसऱ्या तारेस खर्च थोडा येतो, पण भिंत पुन्हा फोडण्याचा खर्च मोठा असतो. अर्थात तसे करावयाचे असल्यास वरील हिशेब दुप्पट धरावा.

मध्यवर्ती पेटीची जागा निवडताना पुराचा विचार अवश्य करावा. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या आणि वसईच्या सखल भागांत घराघरांत पाणी शिरले, हे येथील लोकांच्या स्मरणात आहे. पेटी छातीइतक्या उंचीवर, गळक्या कौलांपासून व मोरीपासून दूर, हवा खेळती राहील अशा जागी बसवावी. वीज गेली तरी राउटर व स्विच चालू राहावे म्हणून दोहोंस लहानसा बॅटरीचा आधार द्यावा.

तार घेताना 'कॅट-६' या प्रतीची घ्यावी. तिच्यात तांब्याच्या आठ तारा असून त्या दोन-दोन करून पिळलेल्या असतात. या पिळाचे कारण समजून घेणे उपयुक्त आहे. बाहेरून विजेच्या मोटारीचा किंवा पंख्याचा उपद्रव आला तर तो पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच येतो. पलीकडचे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचते, त्यामुळे दोहोंवर सारखा असलेला उपद्रव आपोआप गळून पडतो. म्हणून टोक जोडताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा अधिक उकलू नये. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार पुष्कळ खपते. ती घेऊ नये. तिचा अवरोध अधिक असतो, ती वाकवताना तुटते आणि तिच्यातून कॅमेऱ्यास वीज पुरविल्यास तापते. चाकूने एक तार खरवडून पाहावी. आत पांढरा धातू दिसल्यास ते खोके दुकानदारास परत करावे.

घरातील तार विजेच्या तारेबरोबर एकाच नळीतून कदापि नेऊ नये. दोन्ही समांतर जात असल्यास मध्ये एक फूट अंतर ठेवावे. ओलांडणे भाग असेल तेथे काटकोनात ओलांडावे. तार जोराने ओढू नये, तिला तीक्ष्ण कोपरा देऊ नये; वळणाची त्रिज्या निदान एक इंच असावी. भिंतीतून बाहेर जाणारे भोक बाहेरच्या बाजूस उतरते पाडावे आणि भोकाजवळ तारेस खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोलावरून ठिबकून जाते, घरात येत नाही. बाहेरच्या भिंतीसाठी उन्हाने न तडकणारी काळ्या वेष्टनाची तार मिळते, तीच वापरावी. खाऱ्या हवेत उघडी तोंडे लवकर गंजतात, तेव्हा न वापरलेल्या तोंडांवर झाकण असू द्यावे.

टोकावर आरजे-४५ नावाची जोडणी बसते. तिची खिट्टी खाली व टोचण्या आपल्यासमोर धरल्यास डावीकडून रंगांचा क्रम असा येतो : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांस हाच क्रम ठेवावा. नंतर आठ दिव्यांच्या चाचणी-यंत्राने प्रत्येक तार तपासावी. शंभर मेगाबिटच्या वेगास चारच तारा पुरतात, हजारास मात्र आठही लागतात. त्यामुळे एखादी तार तुटली असता जोडणी चालू दिसते, परंतु वेग एक दशांश होतो. चाचणी टाळल्यास हा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरापासून मोटारघरापर्यंत किंवा माल भरण्याच्या शेडपर्यंत ही तांब्याची तार नेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. एक तर या तारेची मर्यादा टोकापासून टोकापर्यंत १०० मीटर आहे आणि आपल्या वाड्या लांबट असतात. बावखलास वळसा घातला तर अंतर आणखी वाढते. पण खरे भय विजेचे आहे. जवळच्या माडावर वीज पडली असता घराची जमीन व मोटारघराची जमीन यांच्या विद्युत दाबांत क्षणभर प्रचंड फरक पडतो. दोन इमारतींस जोडणारी तांब्याची तार हा त्या विजेस आयता मार्ग होतो. उपकरणे जळतातच, त्या वेळी कोणाचा हात तारेवर असल्यास प्राणावर बेतते. घर एका फेजवर व मोटार तीन फेजवर असली तर बिघाडाच्या वेळी हा धोका पावसाळ्याविनाही संभवतो.

म्हणून इमारतीपासून इमारतीपर्यंत काचेच्या तंतूची तार टाकावी, जिला बाजारात फायबर म्हणतात. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो. अंतरही कित्येक किलोमीटर चालते. दोन्ही टोकांस प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी लहान पेटी लागते. एकाच तंतूवर चालणाऱ्या पेट्या परस्परपूरक जोडीनेच घ्याव्या. दोन सारख्या पेट्या एकमेकींशी बोलत नाहीत. लटकविण्याच्या फायबरमध्ये आधारासाठी पोलादी तार असते, तीही वीज वाहते. शक्यतो धातू नसलेली घ्यावी, अथवा ती पोलादी तार इमारतीबाहेरच तोडून ठेवावी. टोके तयार असलेली फायबर मागविल्यास सांधणाराची गरज पडत नाही. तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो.

फायबर जाड प्लॅस्टिकच्या नळीतून दोन फूट खोल, कुंपणाच्या कडेने न्यावी. केळीच्या ओळींतून नेल्यास पुढील लागवडीचे खड्डे खणताना कुदळीचा घाव तिच्यावर पडण्याचा संभव असतो. नळीत एक दोरी ओवून ठेवावी, म्हणजे पुढे दुसरी तार ओढता येते.

विजेचे नवे पॉइंट परवानाधारक वायरमनकडूनच घ्यावे. एकाच तारेची दोन्ही टोके स्विचमध्ये खोवू नयेत. त्याने सर्व जाळे ठप्प होते व कारण सहसा ध्यानात येत नाही. ढग गडगडू लागताच तारांस हात लावू नये. राउटरचा व कॅमेऱ्यांचा मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस क्रमांक लिहावा, आणि तेच क्रमांक व नळीचा मार्ग दाखविणारा नकाशा प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मध्यवर्ती पेटीशेजारी टांगून ठेवावा. वाडीत खणणाऱ्या गड्यास तो काम सुरू होण्यापूर्वी दाखवावा.