सगळे रिपोर्ट नॉर्मल

फाईल जाडजूड असते. तिच्या रक्ताच्या चाचण्या, पाळीच्या ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा केलेल्या सोनोग्राफ्या, ट्यूब टेस्टिंगचा एक्स-रे, आणि त्याच्या वीर्यतपासणीचा एकपानी रिपोर्ट. डॉक्टर शेवटचं पान उलटतात आणि म्हणतात, “दोघांतही काही दोष नाही.” एरवी दवाखान्यात हे वाक्य ऐकलं की माणूस घरी येऊन देवापुढे साखर ठेवतो. इथे मात्र जिना उतरेपर्यंत दोघांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळायला लागतो : मग होत का नाही?

डॉक्टर याला ‘अनएक्स्प्लेन्ड इन्फर्टिलिटी’ म्हणतात. त्याला ‘अकारण वंध्यत्व’ म्हटलं तर अर्थाचा घोटाळा होतो. कारण नसतं असं नाही, हाती असलेल्या चाचण्यांत ते सापडत नाही, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या साधारण सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. तपासण्या पुऱ्या झालेल्या जोडप्यांपैकी १५ ते ३० टक्के जोडप्यांच्या फाईलवर शेवटी ‘अनएक्स्प्लेन्ड’ हाच शिक्का बसतो.

मुळात चाचण्या तपासतात तरी काय? ढोबळमानाने तीन गोष्टी. बीज दर महिन्याला सुटतं का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का, आणि वीर्यात पुरेसे, हालचाल करणारे शुक्रजंतू आहेत का. वीर्याच्या रिपोर्टवर मिलिलिटरमागे १.६ कोटी हा आकडा किमान मर्यादा म्हणून छापलेला असतो. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीतून आला आहे. वर्षभराच्या आत ज्यांच्या जोडीदाराला दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने तपासून हा आकडा काढला. त्यांच्यातल्या तळाच्या पाच टक्क्यांची रेषा ती हीच. रेषेच्या वर असणं म्हणजे हमी नव्हे आणि खाली असणं म्हणजे नकारही नव्हे.

खरी घडामोड या तीन गोष्टींच्या पुढे सुरू होते. सुटलेलं बीज नलिकेच्या झालरीने अलगद टिपून घ्यावं लागतं. शुक्रजंतूला बीजाचं कवच भेदता यावं लागतं. तयार झालेल्या गर्भाची गुणसूत्रं नीट जुळावी लागतात, आणि मग त्याला गर्भाशयाच्या अस्तरात रुजावं लागतं. ट्यूब टेस्टिंगमध्ये रंगद्रव्य पुढे सरकलेलं दिसतं, पण नलिका बीज टिपते की नाही हे दिसत नाही. पाण्याचा पाइप मोकळा आहे म्हणून नळाला पाणी येईलच असं नसतं, तसाच हा प्रकार.

शिवाय ‘नॉर्मल’ची व्याख्याही काळानुसार बदलत आली आहे. संबंधानंतर काही तासांनी स्त्रीच्या ग्रीवेतला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सिम्स-ह्यूनर चाचणी विसाव्या शतकात दीर्घकाळ नेमाने केली जायची. कित्येक बायकांना तिने ‘दोष’ चिकटवला. या चाचणीवरून पुढचं काहीच नीट सांगता येत नाही हे कळल्यावर ती मागे पडली. उलट एंडोमेट्रिओसिससारखा (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याचा) आजार साध्या सोनोग्राफीत अनेकदा निसटतो आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर सापडतो. भारतात आणखी एक छुपा पाहुणा असतो, जननेंद्रियांचा क्षय. अनेकदा ताप नाही, खोकला नाही, वजनही घटत नाही, पण तो नलिका आणि अस्तर पोखरत असतो. त्यामुळे पाळीचा रक्तस्राव कमी झाला असेल किंवा घरात कुणाला क्षय होऊन गेला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगितलेलं बरं.

आता थोडं गणित. निरोगी तरुण जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता फार तर २० ते २५ टक्के असते. बीज जेमतेम एक दिवस जगतं आणि शुक्रजंतू पाचेक दिवस, त्यामुळे महिन्यातले कामाचे दिवस सहाच. समजा, कसलाही दोष नसलेली शंभर जोडपी आहेत आणि प्रत्येकाची शक्यता दरमहा २० टक्के आहे. पहिल्या महिन्यात ८० उरतील, दुसऱ्यात ६४. वर्ष संपताना तरीही सातेक जोडपी पाळणा हलायची वाट पाहत असतील. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहणं या व्याख्येनुसार ती आता ‘वंध्य’, पण त्यांचं काहीच बिघडलेलं नाही, फासे मनासारखे पडले नाहीत इतकंच. हाच शिक्का बसलेल्या बाकीच्या जोडप्यांमध्ये मात्र खरोखर काही अडलेलं असतं. ही सात कोणती आणि ती बाकीची कोणती, हे आज कुठलंच यंत्र सांगत नाही. म्हणून या निदानात वय आणि किती काळ प्रयत्न चालू आहेत, हे दोन आकडे सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त बोलतात. पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने, मग डॉक्टरकडे, असं म्हणतात ते यामुळेच.

थांबणं हासुद्धा एक उपचार आहे, आणि तो बिनकामाचा नाही. नेदरलँड्समध्ये २५३ जोडप्यांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आपोआप दिवस राहण्याची बऱ्यापैकी शक्यता असलेली ही जोडपी. निम्म्यांना इंजेक्शनं देऊन आययूआय केलं, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडलं, निम्म्यांना सहा महिने वाट पाहायला सांगितली. टिकलेल्या गर्भधारणा उपचार घेतलेल्यांत २३ टक्के, थांबलेल्यांत २७. पण याच्या नेमकं उलट चित्र न्यूझीलंडच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. तिथे शक्यता मुळातच कमी असलेली २०१ जोडपी निवडली होती. गोळ्या देऊन तीन वेळा आययूआय केलेल्यांत ३१ टक्के स्त्रियांना मूल झालं, नुसती वाट पाहणाऱ्यांत ९ टक्के. ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना एकूण दोन वर्षं प्रयत्न करा आणि मग थेट आयव्हीएफकडे, म्हणजे शरीराबाहेर फलन करून घेण्याकडे, जा म्हणाल्या, तर युरोपातल्या तज्ज्ञांची संघटना २०२३ मध्ये आधी आययूआय करा म्हणाली. म्हणजे मावशीच्या डॉक्टरांनी एक सांगितलं आणि आपल्या डॉक्टरांनी दुसरं, तर त्यात दोघांपैकी कुणी फसवतंच आहे असं समजायचं कारण नाही.

एक गंमत इथे सांगितलीच पाहिजे. ट्यूब टेस्टिंगमध्ये पाण्यात मिसळणारं रंगद्रव्य वापरतात तसं तेलातलंही वापरतात, आणि ते तेल असतं खसखशीचं. होय, अनारशावर लावतो तीच खसखस. नेदरलँड्समध्येच १,११९ स्त्रियांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेलाच्या तपासणीनंतर सहा महिन्यांत ३९.७ टक्के स्त्रियांना दिवस राहून टिकले, पाण्याच्या तपासणीनंतर २९.१ टक्के. तपासणीचाच उपचार झाला. का, यावर अजून वाद आहेत. या तेलात आयोडीन असल्याने थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी ते आधी सांगायला हवं.

आयव्हीएफचं या बाबतीत एक वेगळंच काम असतं. प्रयोगशाळेतल्या बशीत बीज आणि शुक्रजंतू समोरासमोर आणले की काही जोडप्यांमध्ये फलनच होत नाही असं पहिल्यांदा कळतं. इतके दिवस न सापडलेलं कारण तिथे सापडतं. पण एका चक्राचा खर्च खासगी केंद्रात लाखांच्या घरात जातो, आणि त्यावर ‘हेही करून घ्या’ अशी यादी येते. अस्तर आधी खरवडून घेतलं की गर्भ चांगला रुजतो, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरचा अभ्यास आला. खरवडलेल्यांत २६.१ टक्के स्त्रियांना मूल झालं, न खरवडलेल्यांतही २६.१. दशांशापर्यंत तोच आकडा! अशा प्रत्येक जोडउपचाराबद्दल ‘याचा अभ्यास झालाय का?’ असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याप्रमाणे उपचाराचे फायदे, तोटे, यशाची शक्यता आणि खर्च जोडप्याला समजावून सांगणं केंद्रावर बंधनकारकच आहे. त्याच कायद्याने स्त्रीसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ ही वयाची मर्यादा घातली. खर्चाचं म्हणाल तर गोव्यात बांबोळीच्या सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून आयव्हीएफसारखे उपचार मोफत सुरू झाले. मुंबईत महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा, शास्त्रीय नोंद असलेलं देशातलं पहिलं आयव्हीएफ बाळ, जन्मली, त्याला आता चार दशकं होत आली. सार्वजनिक रुग्णालयांच्या बाबतीत गाडी त्यामानाने फार पुढे गेलेली नाही.

दवाखान्यात कारणाची जागा रिकामी राहते. घरात ती एक दिवसही रिकामी राहत नाही. पत्रिकेत पितृदोष निघतो, त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी ठरतो, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाला नवस बोलला जातो. पार्वतीने पुत्रासाठी तप केलं ती हीच जागा, अशी श्रद्धा आहे. यातून काही जोडप्यांना खरंच धीर मिळतो, ते नाकारायचं कारण नाही. जाच होतो तो ‘तिच्याच मनाचं काहीतरी आहे’ या निदानाचा. “टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील” हे वाक्य तर प्रत्येक आत्याबाईच्या तोंडी. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र मांडली गेली. उपचाराआधी ताण जास्त असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या यशात फरक दिसला नाही. म्हणजे ताणामुळे दिवस राहात नाहीत, याला पुरावा मिळाला नाही. दिवस राहात नाहीत म्हणून ताण येतो, याला मात्र आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये ॲलिस डोमार आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, तेव्हा या स्त्रियांची उदासी कर्करोगाच्या रुग्णांच्या तोडीची निघाली.

आपल्या भाषेनेही यात हात धुऊन घेतले आहेत. बाईसाठी ‘वांझ’ हा दोन अक्षरी घाव तयार आहे. पुरुषासाठी तितका रोजचा, तितका टोचणारा शब्द नाही. त्यामुळे रिपोर्ट दोघांचे नॉर्मल असले तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवात चौकशी होते ती तिची. तो ऑफिसात “अजून प्लॅनिंग नाही” म्हणून सुटतो. पण सुटतो म्हणजे त्याचं दुखणं संपतं असं नाही, त्याला ते बोलायला जागा मिळत नाही इतकंच. आणि तो बोलत नाही याचा अर्थ ती ‘याला काहीच वाटत नाही’ असा लावते.

दुसरी पडझड बेडरूममध्ये होते. फॉलिक्युलर स्टडी म्हणजे बीजाची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफ्या, बीज सुटावं म्हणून ट्रिगरचं इंजेक्शन, आणि मग ‘आज आणि उद्या’ असा हुकूम. जवळीक ही घड्याळावरची ड्यूटी होऊन बसते. खरं तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला तरी ते सहा दिवस आपोआप साधले जातात, तारखा मोजाव्या लागत नाहीत. समुपदेशक आणखी एक साधी गोष्ट सुचवतात : या विषयावर दिवसातून वीस मिनिटंच बोलायचं, ठरलेल्या वेळी, आणि मग जेवणाच्या ताटावर तो विषय आणायचा नाही. ऐकायला पोरकट वाटतं. पण ज्या घरात दर पाळीच्या तारखेला सुतक उतरतं, तिथे वीस मिनिटांची भिंतसुद्धा आधार देते.

आणखी एक बोलणं सुरुवातीलाच करून टाकावं : कुठवर? आययूआय किती वेळा, आयव्हीएफची किती चक्रं, किती पैसे, कोणत्या वयापर्यंत. उपचार चालू असताना हा प्रश्न विचारला की तो माघारीसारखा वाटतो, आधी सोडवला तर नियोजनासारखा. दत्तक घेण्याचा विचार असेल तर वयाचं कॅलेंडर तिथेही आहे. २०२२ च्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही, आणि लग्न स्थिरावून दोन वर्षं झालेली असावी लागतात. मूल न घेता दोघांनीच संसार करायचा हाही निर्णय असू शकतो, फक्त तो दोघांनी मिळून घेतलेला हवा, एकाने थकून आणि दुसऱ्याने गप्प राहून नव्हे.

दिवाळीत सगळं गणगोत एकत्र येतं. करंजीचा घास तोंडात असतानाच कुणीतरी विचारतं, “मग, गोड बातमी कधी?” काही जोडपी यासाठी निघण्यापूर्वी गाडीतच ठरवून ठेवतात की यंदा उत्तर कोण देणार. सासरकडच्या मंडळींना तो, माहेरकडच्यांना ती. वाक्यही तयार असतं, “उपचार चालू आहेत, काही सांगण्यासारखं झालं की आम्हीच सांगू,” आणि त्यानंतर लगेच चकलीची ताटली पुढे करायची.