लेखनाचे बिऱ्हाड कोठे थाटावे?

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही वसाहत होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ओळखली जाते. तिच्या सात विभागांतून महाराष्ट्रातून आणि सीमाभागातून नोकरीनिमित्त आलेली मराठी बिऱ्हाडेही नांदत आहेत. भाड्याचे घर पाहताना ही मंडळी किती चौकस असतात! पाणी केव्हा येते, अनामत किती, घर सोडताना ती परत कशी मिळणार, हे विचारल्यावाचून कोणी किल्ली हाती घेत नाही. परंतु हीच मंडळी आपल्या लेखनासाठी महाजालावर जागा घेताना मात्र जे दार प्रथम उघडे दिसेल, त्यातून आत शिरतात.

वाचकहो, समजा, आपल्या घरी गावाकडून आजी राहावयास आल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी, जात्यावरच्या पहाटा, सणावारांचे पदार्थ असे पुष्कळ काही त्या सांगतात. हे सारे लिहून ठेवावे आणि दूरदूरच्या आप्तांनी वाचावे, असे आपणांस वाटते. त्यासाठी ब्लॉग, म्हणजेच अनुदिनी, हे उत्तम साधन होय. मात्र ही अनुदिनी कोठे मांडावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नव्हे. जिओसिटीज हे एके काळी जगभर गाजलेले संकेतस्थळ २००९ साली बहुतेक देशांत बंद झाले. पोस्टरस ही सोपी, लोकप्रिय सेवा २०१३ साली मिटली. ज्यांनी वेळीच आपले लेखन उतरवून घेतले, त्यांचे राहिले. इतरांच्या हाती काय उरले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

म्हणून पहिला प्रश्न शोभेचा नसून निघण्याच्या वाटेचा असावा. 'माझे सर्व लेखन मला एकगठ्ठा परत मिळेल काय?' असे प्रथम विचारावे. सुदैवाने आज प्रचलित असलेल्या प्रमुख सेवांत ही सोय आहे.

१९९९ साली सुरू झालेली आणि २००३ पासून गूगलकडे असलेली 'ब्लॉगर' ही सेवा विनामूल्य असून नवशिक्यास सोपी आहे. तिची सारी मदार मात्र आपल्या गूगल खात्यावर असते. दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती काढून टाकता येतील, असे धोरण त्या कंपनीने २०२३ साली जाहीर केले. तेव्हा खाते अधूनमधून उघडीत जावे. 'वर्डप्रेस' या नावाने दोन निरनिराळ्या गोष्टी ओळखल्या जातात, हे नवख्यास ठाऊक नसते. एक आहे २००३ साली निघालेली मुक्त आज्ञावली; ती आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बसवावयाची असते. तेथे स्वातंत्र्य मोठे, पण दरवर्षीचा खर्च आणि डागडुजी आपल्या शिरावर. दुसरी आहे त्याच आज्ञावलीवर चालणारी तयार सेवा. ती विनामूल्यही मिळते, परंतु मग आपल्या मजकुराशेजारी जाहिराती दिसू शकतात. 'मीडियम'वर वाचक आयता लाभतो, पण तेथील काही लेख केवळ वर्गणीदारांसाठी असतात. 'सबस्टॅक' लेख वाचकांच्या ई-पत्रपेटीत पोहोचविते आणि वर्गणी लावल्यास तीतून दहा टक्के घेते. आजीच्या आठवणी घरच्यांसाठी लिहावयाच्या असतील, तर पहिल्या सेवेने किंवा वर्डप्रेसच्या तयार सेवेने प्रारंभ करणे पुरेसे आहे.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. सेवेने दिलेला पत्ता सेवेसोबतच सुटतो. थोडे वार्षिक शुल्क भरून स्वतःचे नाव नोंदविल्यास घर बदलले तरी पत्ता बदलत नाही. २०१४ पासून '.भारत' हा देवनागरी पत्ताही मिळू लागला आहे.

तिसरा प्रश्न लिपीचा. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या खासगी टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर केवळ निरर्थक चिन्हांची रांगोळी होऊन बसतो. लिहिलेले दर महिन्यास उतरवून घरच्या संगणकावर ठेवावे आणि निवडक लेख कागदावरही छापून घ्यावेत.

एचएसआर लेआउटपासून थोड्याच मैलांवर बेगूर हे गाव आहे. तेथील नागेश्वर मंदिराच्या आवारात सुमारे इ. स. ८९० मधील एक वीरगळ सापडला आणि त्यावरील कन्नड लेखात 'बेंगळुरू' हे नाव आढळले. अकराशे वर्षांनंतरही ते नाव वाचता येते, कारण ते टिकाऊ जागी कोरले होते. आपल्या आजीचे शब्द शिळेवर कोरणे शक्य नाही. परंतु ते एकाच दारी गहाण न टाकण्याची दक्षता आपण खचित घेऊ शकतो. मग विलंब कशाला? आज सायंकाळी आजींच्या जवळ बसावे आणि पहिली आठवण लिहून घ्यावी. जागा पुढे बदलता येईल. सांगणारे माणूस मात्र पुन्हा लाभत नाही.